मनीषाच्या मुठी

सातपूर, नाशिक
८ डिसेंबर १९९६

चि. मनीषास अनेक आशीर्वाद.

आपल्या गल्लीतला केरू सायखेड्याला येतो आहे, त्याच्याबरोबर तीन पाती पाठवतो. तिन्ही जुन्या कानशींची आहेत. कानस झिजली की भंगारात जाते आणि भंगारवाल्याकडून माझ्या अंगणात येते. भट्टीत तापवून मऊ केली, घासून चाकूचा आकार दिला, पुन्हा लाल करून तेलात बुडवली. एक चौथं होतं, ते तेलात वाकडं झालं. मी ते भिंतीवर फेकलं, तर तुझी वहिनी म्हणाली, "आता भिंतीचं पण पातं करा." सुवर्णाला यातलं काही कळत नाही, पण बोलायला चुकत नाही.

कारखान्याच्या टूलरूममध्ये आठवडाभर मी दुसऱ्याच्या ड्रॉइंगवरून पार्ट काढतो. रविवारी पातं घासतो तेव्हाच वाटतं की हे हात माझे आहेत. घडीचे चाकू मात्र मी करणार नाही. जे दुमडतं ते कधीतरी बोटावरच मिटतं. पातं मुठीतून शेवटपर्यंत गेलं पाहिजे, म्हणजे चाकू एकजीव होतो.

मुठी तू कर. लहानपणी बाबांच्या विळ्याला दांडा तूच बसवायचीस, मी बसवलेला चार दिवसांत हलायचा. लाकूड तुझ्या पसंतीचं घे, जाडी मात्र बावीस मिलिमीटर. पुढच्या वर्षाच्या शेवटी नाशकात छंदांचं प्रदर्शन आहे, टपाल तिकिटं, बोन्साय असलं काय काय. मी नाव देऊन आलो. बारा चाकू मांडायचे आणि खाली पाटी लावायची, "पाती : ज्ञानेश, मुठी : मनीषा".

पुडकं तुझ्या हातात द्यायचं नाही असं केरूला बजावलंय. ओट्यावर ठेवील, मग तू उचल. धारेची वस्तू हातातून हातात गेली की भांडण होतं, असं आई म्हणायची. आपण आधीच कमी भांडतो का!

तुझा,
दादा


सायखेडा
४ जानेवारी १९९७

ती. दादास सा. न. वि. वि.

पाती मिळाली. केरूने पुडकं ओट्यावर ठेवलं आणि असा मागे सरकला की आत नाग आहे. पाती सुंदर आहेत, हे आधीच लिहून टाकते, नाहीतर पुढचं अख्खं पत्र तू त्याच चौकशीसाठी पाठवशील.

तुझे बावीस मिलिमीटर वाचले आणि विसरले. दादा, मूठ मापाने होत नाही रे. मी पात्याच्या दोन्ही अंगांना लाकूड ठेवून पितळी खिळे ठोकते, घासते, आणि मग डोळे मिटून धरते. कुठे टोचतंय, कुठे पोकळ वाटतंय, तिथे पुन्हा घासते. हाताला काहीच जाणवेनासं झालं की मूठ झाली. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मी मुलींनाही हेच सांगते आणि त्या खुदुखुदु हसतात.

सहादू मिस्त्रीने चिंचेचा ओंडका दिला. म्हणाला, "बाई, चिंच लय चिवट हाय. हात भरून येतील." आलेच आहेत. उजवा हात संध्याकाळी जड होतो, पण नदीकाठी यंदा थंडीही फार आहे. हे म्हणतात, "भाऊबहीण मिळून दरोडा घालणार असाल तर मला आधी सांगा, मी गावाला जातो." अंजली आता आठवीत आहे. तिचा डबा भरताना मी तुझ्याच चाकूने भाजी चिरते. भेंडी अशी कापली जाते की आवाज होत नाही. रोजच्या धांदलीत तेवढी दहा मिनिटं माझी असतात. आणखी पाती पाठव.

तुझी,
मनीषा


सातपूर
२० एप्रिल १९९७

चि. मनीषास अनेक आशीर्वाद.

पहिल्या तीन मुठी झकास होत्या, टूलरूममध्ये नेऊन सगळ्यांना दाखवल्या. पण नंतरच्या पाहून मी कपाळावर हात मारला. कॅलिपर लावला तर एक चोवीस, एक सव्वीस, आणि शेवटची चक्क तीस! मुसळ करायला घेतलं होतंस काय? पॉलिश पेपरही अर्ध्यावर सोडलेला दिसतो, खालच्या बाजूला कानशीचे ओरखडे तसेच आहेत. हे तुझं काम वाटत नाही.

ती तिशीची मूठ सुवर्णाने पळवली. "माझ्या हातात मावत नाही, पण निसटतही नाही," म्हणते, आणि त्यानेच कांदा चिरते. स्वयंपाकघरात ठीक आहे. प्रदर्शनात बारा चाकू शेजारी शेजारी ठेवल्यावर एका आईची लेकरं वाटली पाहिजेत. बावीस म्हणजे बावीस.

आणि शाळेतली बाई असून तुझं अक्षर असं कोंबडीच्या पायांसारखं कधीपासून झालं? पोस्टमन पत्ता वाचताना चष्मा पुसत होता.

दादा


सायखेडा
११ मे १९९७

ती. दादास सा. न. वि. वि.

मला त्या जाड वाटत नाहीत. डोळे मिटून धरते तेव्हा बरोबर बसतात. बारीक केली की मूठ हातात राहत नाही, फिरते. तुझ्या कॅलिपरला हात नाही, त्याला काय विचारतोस?

अक्षराचं म्हणशील तर पेपर तपासून बोटं आखडली आहेत. सुट्टी लागायच्या आधी फळ्यावर लिहिताना खडू दोनदा पडला. मुली हसल्या, मग मीही हसले. सुट्टीत बरं वाटेल.

चिंच आणि बाभूळ सोडली. सहादू मिस्त्रीकडून आता पांगारा आणलाय. हलका आहे, कानस पटकन चालते. पाती पाठवायचं थांबवू नकोस. रागाव हवं तर, पण पाठव.

मनीषा


सातपूर
२४ सप्टेंबर १९९७

चि. मनीषास आशीर्वाद.

पांगारा! अगं, पांगाऱ्याची खेळणी करतात! इथे मी पात्याला तेलात बुडवताना श्वास रोखतो, आणि तू त्याला सावंतवाडीची बाहुली जोडतेस. चार वेळा लिहिलं, तू ऐकत नाहीस. तेव्हा शेवटी मीच कानस हातात घेतली.

अकराच्या अकरा मुठी बावीसवर आणल्या. पांगाऱ्याच्या काढूनच टाकल्या आणि तिथे शिसम बसवला. सगळे रविवार त्यात गेले. लाकडाचा ढीग पडला अंगणात, तो सुवर्णाने आंघोळीच्या बंबात घातला. तिचा चाकू तेवढा राहिला, कारण ती सोडेना. "ताईंनी केलेला आहे तसा राहू दे," म्हणाली. बायकांची एकी!

आता चाकू ओळीत ठेवले की डोळ्यांना बरं वाटतं. पाटीवरून तुझं नाव मी काढणार नाही. पण खरं सांगू का, मुठी आता तुझ्या राहिलेल्या नाहीत.

दादा


सायखेडा
१४ ऑक्टोबर १९९७

ती. दादास सा. न. वि. वि.

हे पत्र मी सांगते आहे आणि अंजली लिहिते आहे. माझे हात अनारशांच्या पिठात आहेत.

केलंस ते बरं केलंस. तुझे चाकू आहेत. पाटीवर माझं नाव नको, खरंच नको. इथे एक पातं शिल्लक आहे, त्याला मूठ बसवायला जमलं नाही. भाऊबीजेला येशील तेव्हा परत ने.

ये मात्र नक्की.

मनीषा


सातपूर
५ नोव्हेंबर १९९७

मनीषास,

आशीर्वाद लिहायचं मनात नव्हतं, पण सुवर्णा शेजारी बसली आहे, म्हणून आशीर्वाद.

भाऊबीजेला बहिणीने इतका राग दाखवावा असं मी काय केलं? ओवाळताना ताट अंजलीच्या हातात. तू नुसती तिच्या दंडाला धरून उभी. टिळासुद्धा तिनेच लावला. मग ओवाळणी म्हणून तुझ्यासाठी केलेला चाकू पाटासमोर ठेवला. आईचा नियम, म्हणून हातात दिला नाही. तुझ्यासाठी किती मन लावून केला होता, मूठ शिसमाची, बावीसची, आरशासारखी. मी म्हटलं, उचल. तू बघत राहिलीस. पुन्हा म्हटलं, उचल ना. तू पदरात हात घातलेस आणि म्हणालीस, "अंजली, तो चाकू आत ठेव." तुझ्या यजमानांनी, सावळीरामरावांनी, मान फिरवली, तेव्हा मला कळलं की घरात सगळ्यांना ठाऊक आहे तू माझ्यावर रुसलीस ते.

चार लाकडाच्या ढलप्यांसाठी एवढं? मी जेवलो तो घास कसा उतरला ते माझं मला माहीत. यापुढे पाती पाठवणार नाही. पंचवटीत एक सुतार पाहिला आहे, तो माप ऐकतो.

ज्ञानेश


सायखेडा
१२ नोव्हेंबर १९९७

ती. मामांस सा. नमस्कार.

हे पत्र आईला न विचारता लिहिते आहे. तुमचं पत्र मी तिला वाचून दाखवलं नाही. ते मी दप्तरात ठेवलं आहे.

मामा, आई रुसलेली नाही. तिला चाकू उचलता येत नाही. उजवा हात आता तिच्या ताब्यात नाही आणि डावाही तसाच व्हायला लागला आहे. अंगठ्याजवळचा मांसल भाग बसून गेला आहे, तिथे खड्डा दिसतो. जून महिन्यात तिने शाळेत रजा टाकली. आम्ही मुंबईला जाऊन आलो. डॉक्टरांनी बाबांना बाहेर बोलावून सांगितलं की हा नसांचा आजार आहे, स्नायू वाळत जातात, हातांनंतर पाय, मग बोलणं, मग गिळणं, आणि याला औषध नाही. बाबांनी मला बसमध्ये सांगितलं. आईला कुणी सांगितलं नाही, पण तिला माहीत आहे.

ती तुम्हाला कळवू नका म्हणाली. म्हणाली, "दादाला कळलं तर तो पाती करायचं सोडेल. मग त्याच्याकडे काय राहील?" शेवटच्या मुठी तिने दोन्ही हातांनी कानस धरून केल्या. डोळे मिटून धरायची आणि मला म्हणायची, "ही बसली बघ. आता पडत नाही."

तुम्ही चाकू पाटासमोर ठेवला तेव्हा ती मला आत येऊन म्हणाली, "किती सुंदर केलाय." आणि मग रडली.

तुम्ही या. पण मी लिहिलं असं सांगू नका.

तुमची,
अंजली


सातपूर
९ डिसेंबर १९९७

चि. मनीषास अनेक, अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्याकडून निघालो आणि एसटीत रडलो. शेजारी एक म्हातारे बाबा होते, त्यांनी विचारलं, "काय झालं भाऊ?" मी म्हटलं, डोळ्यात धूळ गेली. ते म्हणाले, "खिडकी लावा मंग." खिडकी लावली, पण थांबेना. तू मला का सांगितलं नाहीस, म्हणून तुझ्यावर चिडलो आहे. पण मी तरी तुझ्या हाताकडे कधी पाहिलं? मी कॅलिपरकडे पाहत होतो.

प्रदर्शनातलं नाव काढून घेतलं. ते राहू दे.

आता ऐक. मी निघताना तू म्हणालीस की बाकी सगळं जाऊ दे, अंजलीच्या डब्याची भाजी एकदा माझ्या हाताने चिरायची आहे. तेवढं मी करून देतो. डॉक्टरांना जमलं नाही ते मला जमेल असं नाही म्हणत. पण चाकू मला येतो. सोबतच्या डब्यात ओल्या फडक्यात शाडूची माती आहे. जशी धरता येईल तशी मुठीत दाब. ठसा उमटेल तो तसाच परत पाठव. त्या ठशावर मूठ करतो. पांगाऱ्याचीच करतो. मापबीप काही नाही.

तुझा,
दादा


सायखेडा
२२ फेब्रुवारी १९९८

ती. दादास सा. न. वि. वि. (अक्षर अंजलीचं आहे.)

चाकू मिळाला. मूठ अगदी माझ्या हाताची झाली आहे. प्रत्येक बोटाला त्याची त्याची जागा आहे. अशी मूठ मला स्वतःला कधी जमली नाही, हे मनापासून सांगते.

पण दादा, तो ज्या दिवशी माती दाबली त्या दिवशीचा हात आहे. माती सुकली, तू लाकूड कोरलंस, पात्याला धार लावलीस, त्यात दिवस गेले. मधल्या काळात अंगठा वळायचा थांबला. अंजलीने माझी बोटं मुठीवर एकेक करून गुंडाळली. तिने हात सोडला की ती उघडायची. ताटात भेंडी होती. आम्ही पुन्हा पुन्हा करून पाहिलं, आणि मग तिला शाळेला उशीर व्हायला लागला, म्हणून तिनेच चिरली.

आणखी माती पाठवू नकोस. तुझा चाकू निघतो तोवर माझा हात पुढे गेलेला असतो. तू त्याच्यामागे धावतोस, हे मला बघवत नाही.

मनीषा


सातपूर
७ जून १९९८

चि. मनीषास आशीर्वाद.

तू माझ्या मापाला जेवढी किंमत दिलीस, तेवढीच मी तुझ्या नकाराला देतो. माती पाठवली आहे.

रजा टाकून बसलो होतो. यावेळी मी ठशाची वाट न पाहता आधी पुढचा विचार केला. बोटं वळत नसतील तर मुठीला चामड्याचा पट्टा लावला, तो तळहाताभोवती बसतो. पातं पातळ घेतलं, वजन काहीच नाही. टोक खाली टेकवायचं आणि खांद्यातून हात दाबायचा, बस. मी स्वतः बोटं सुतळीने बांधून घेतली आणि त्याने बटाटा चिरून पाहिला. सुवर्णाने मला तसं बसलेलं पाहिलं आणि चिरलेला बटाटा उचलून आत गेली.

खांदा अजून चालतो ना? अंजलीला लिहायला सांग. तो चालतो तोवर जमेल. मातीत हात दाबून पाठव, म्हणजे पट्टा कुठे घ्यायचा ते कळेल. पडेल तसा पडू दे ठसा, पण पाठव. दुसरं काही मला सुचत नाही गं. रात्रंदिवस तुझा हातच डोळ्यांपुढे असतो.

दादा


सायखेडा
१७ जानेवारी १९९९

ती. मामांस सा. नमस्कार.

आईचं बोलणं आता फक्त मला आणि बाबांना कळतं. ती बोलली तसं लिहिते.

"दादा, ठशाची वाट न पाहता तू पाठवलेला पट्ट्याचा चाकू पोचला तेव्हा खांदा चालत होता. आम्ही गाजर ठेवलं. पट्टा बांधला, हात उचलला, तो मधेच खाली आला. गाजराला नुसती एक चीर पडली. पण ती मी पाडली. तेवढं झालं. ते गाजर अंजलीच्या डब्यात दिलं. आता नको. माती परत पाठवते. चाकूचा पट्टा काढ आणि मूठ घासून अंजलीच्या हाताची कर. डबा तीच करते. तू कानस चालव, मला वाईट वाटणार नाही."

मामा, माती पाठवायला उशीर झाला. ती मी मधे मधे भिजवून ठेवत होते. आज आईचा हात मी मातीवर ठेवला. मी वरून दाबायला लागले तर ती नको म्हणाली. "ठसा माझा पाहिजे, तुझा नको," म्हणाली. म्हणून हात नुसता ठेवला आणि बऱ्याच वेळाने उचलला. मातीवर काहीच उमटलं नाही. ती तशीच गुळगुळीत आहे. तरी पाठवते, कारण तिने पाठव म्हटलं.

अंजली


सातपूर
२८ नोव्हेंबर १९९९

चि. अंजलीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. तुझी आई गेल्यावरची ही पहिली दिवाळी. भाऊबीजेला मी पाट मांडू दिला नाही. सुवर्णाने आग्रह केला नाही. भट्टी अंगणात तशीच आहे, तिच्यात आता झाडाची पानं साठतात.

आईने केलेली एखादी मूठ मला द्या, असं तू लिहिलंस. मागून मागून एवढंच मागितलंस. म्हणून परवा कपाटातून अकरा चाकू काढले आणि टेबलावर ओळीत ठेवले. कॅलिपर लावला. सगळ्या बावीस. एकही चुकलेली नाही. काहींचं तर लाकूडही तिचं नाही.

तेव्हा मला काय वाटलं ते लिहितो, दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. मी तिच्याकडे हाताचे ठसे मागत होतो. ते तिने आधीच पाठवले होते. चोवीस, सव्वीस, तीस. दर महिन्याला तिचा हात कसा सुटत गेला, ते प्रत्येक मुठीत होतं. डोळे मिटून, धरून, जसा होता तसा. माझा व्यवसायच मापांचा, आणि मी ती मापं वाचून तिला मुसळ म्हणालो. मग घासून काढली. लाकूड बंबात गेलं आणि त्या पाण्याने मी आंघोळ केली. आता कितीही चाकू केले तरी ते लाकूड परत चढवता येत नाही. घासलेलं लाकूड परत येत नसतं, हे टूलरूममध्ये पहिल्या दिवशी शिकवतात.

एक राहिला आहे, तुझ्या मामीचा. तिने तो सोडला नव्हता. अडीच वर्षं ती त्यानेच कांदा चिरते, त्यामुळे मूठ काळी पडली आहे. खालच्या बाजूचे ओरखडे अजून तसेच आहेत, जिथे तिचा हात दमला आणि पॉलिश पेपर राहून गेला. मी मामीला म्हटलं, अंजलीला द्यायचा आहे. तिने तो धुतला, पुसला आणि माझ्यापुढे ओट्यावर ठेवला.

मी उचलला. माझी बोटं त्या मुठीवर पुरती मिटत नाहीत. तुझी आई म्हणायची, डोळे मिटून धरायची आणि हाताला काही जाणवेनासं झालं की मूठ झाली. मी डोळे मिटून धरली. मला ती सगळीकडून जाणवत होती.

केरूबरोबर पाठवतो आहे. तो ओट्यावर ठेवील, तू उचल. तुझ्या हाताला ती मोठी होईल. घासू नकोस.

तुझा,
मामा